इसवण आणि नशीब



रेडिओवर माणसाचा हात दिसत नाही. दिसला असता, तर बोलायला सुरुवात करण्याआधी मी माझा उजवा हात तुमच्यापुढे धरला असता. त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं मिटत नाही. तळव्यावर एक आडवा पांढरा वण आहे. १९८६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका इसवणीने तो मला दिला. इसवण गेली, वण राहिला. लहान होडीतून इसवण पकडताना नशीब थोडंफार सुधारता येतं का, या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय असेल तो एवढाच.

इसवण म्हणजे तुमची सुरमई. मुंबई-पुण्यात ती सुरमई, आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे आणि खाली गोव्यात इसवण किंवा विसवण. ताटात तुम्ही तिचा गोल तुकडा पाहिलेला असतो, मधे एकच काटा असलेला. पाण्यात ती वेगळीच दिसते. पाठ निळी-हिरवी, पोट रुप्यासारखं, आणि अंगावर उभ्या बारीक नागमोडी रेघा. वय वाढेल तशा या रेघा वाढतात. बांगडा, कुपा यांच्याच गोत्रातली ही मासळी. मोठी झाली तर माणसाएवढी लांब होऊ शकते, पण आमच्या होडीत येणारी बहुतेक हातभर-दीड हात. तिच्या अंगात इतर पुष्कळ माशांना असते तशी हवेची पिशवी नसते. त्यामुळे ती पोहायची थांबली की खाली जाऊ लागते. म्हणून ती सदा चालती. आणि जी सदा चालती तिला भूकही सदा. तुमची संधी आहे ती तिथेच.

बाजारात येणारी बरीचशी सुरमई जाळ्याची असते. मोठ्या लाँचवाल्यांचं गणित वेगळं, मी त्यावर बोलणार नाही. मी बोलतो आहे ते दोन माणसांच्या होडीबद्दल. एका अंगाला उलांडी, मागे छोटं इंजिन, आणि हातात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर. टोकाला गरी. आमच्याकडे या मासेमारीला गरवणं म्हणतात.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. वडील दर्यावर होते, पण मला त्यांनी मुंबईला गिरणीत चिकटवलं. दर्यापेक्षा साचा बरा, महिन्याला पगार तरी येतो, असं त्यांचं म्हणणं. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि तो पगारही गेला. माझ्यासारखे कोकणातले कितीतरी पोरगे त्या वर्षी हात हलवत गावी परतले. वडील तोवर वारले होते. काकांनी मला आपल्या होडीत घेतलं. ते काही फार बोलत नसत. गरी कशी बांधायची ते एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा मी बांधली ती सोडून समुद्रात टाकली, तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत. म्हणजे जमलं.

पहिली चार वर्षं माझा पक्का समज होता की इसवण नशिबाने लागते. शेजारच्या होडीला तीन, आम्हाला एकही नाही. दुसऱ्या दिवशी उलट. मग मी नशिबाच्या मागे लागलो. निघताना कोणी 'खंय चललस?' विचारलं की मनात चरकायचो. अमुक शर्ट घातला की मासे लागतात, असंही माझं ठरलं होतं. तो शर्ट बायकोने धुवायला टाकला म्हणून एकदा घरात वाद झाला. नारळी पौर्णिमेला नारळ आम्ही सगळेच देतो, अजूनही देतो, तो भाग वेगळा. पण मी दर्याला नारळ देऊन वर हिशेबही मागत होतो.

आता तो दिवस. आम्ही नवीन इंजिन घेतलं होतं, कर्ज काढून. दोन हप्ते थकले होते. निवतीच्या समोर समुद्रात खडकांची रांग आहे, दीपगृह आहे, त्याच्या अलीकडे आम्ही पहाटेपासून गळ ओढत होतो. नऊ वाजेपर्यंत दोन लहान इसवणी. मग माझ्या तंगुसाला असा हिसका बसला की मी बसल्या जागी पुढे ओढला गेलो. मासा मोठा होता. दोर बोटांतून सुटू लागला, बोटं भाजू लागली. माझ्या डोळ्यांपुढे मासा नव्हताच, हप्ता होता. मी दोराचे दोन वेढे तळव्याला मारले आणि आवळून धरला.

काकांनी मागून हे पाहिलं तेव्हा दोर मांसात गेला होता. इसवण पहिल्या धावेत जेवढी ओढते, तेवढी ओढ माणसाच्या हाताला पेलत नाही. त्यांनी सुकाणू सोडलं, दोन ढांगांत पुढे आले आणि सुरीने तंगूस कापला. एक शब्द न बोलता होडी फिरवली. रक्त थांबवायला डोक्याचा रुमाल बांधला. बंदरावर लोक जमले, कोणी म्हणालं, नशीब फुटकं, एवढा मासा गेला. कोणी म्हणालं, नशीब चांगलं, हात वाचला. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "नशिबान हात वाचलो म्हणा हवा तर. पण तंगूस हाताक गुंडाळ म्हणान नशिबान सांगल्यान काय तेका?"

टाके पडले, शिरा दुखावल्या होत्या. दोन महिने मला दर्यावर जाता आलं नाही. घरात बसवेना. डाव्या हाताने पेन्सिल धरून मी रोज बंदरावर जाऊ लागलो आणि येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारून लिहू लागलो. किती इसवणी, कुठे, किती वाजता, पाणी कसं होतं, वारा कुठला, तिथी कोणती, आमिष काय. आधी लोक हसले. गिरणीतला मस्टर क्लार्क आला रे, म्हणू लागले. काही जण जागा खोटी सांगायचे, ते स्वाभाविकच होतं. पण खोटं बोलणारा माणूस वेळ आणि वारा खोटा सांगत नाही, तेवढी कल्पनाशक्ती कोणी खर्च करत नाही. दोन महिन्यांनी वही भरली. संध्याकाळी मी ती काकांना वाचून दाखवायचो. त्यांना अक्षर येत नव्हतं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "त्या दिसा पाणी हिरवा नाय, निळा होता. दुरुस्त कर."

मंडळी, त्या वहीतून जे निघालं ते काकांना आधीपासून ठाऊक होतं. फक्त त्यांनी ते कधी एका जागी मांडलं नव्हतं.

पहिली गोष्ट पाण्याची. इसवण डोळ्यांनी शिकार करते, त्यामुळे तिला निवळ पाणी लागतं. पावसाळा सरताना कर्ली नदी तांबडं पाणी समुद्रात आणून टाकते. त्या गढूळ पाण्यात गळ ओढणं म्हणजे इंधन जाळणं. पण ते गढूळ पाणी आणि बाहेरचं हिरवं-निळं पाणी जिथे मिळतं, तिथे समुद्रावर एक शीव दिसते. कधी फेसाची, कधी काटक्या आणि पाल्याची. पेडवे, तारल्या, छोटे बांगडे त्या शिवेला धरून असतात. त्यांना गढूळ पाण्याचा आडोसा हवा असतो. इसवण शिवेच्या निवळ बाजूला फिरते आणि चुकून बाहेर आलेल्याला उचलते. म्हणून होडी शिवेच्या बाहेरच्या अंगाने, तिला समांतर चालवायची. नवा माणूस शीव आडवी कापत जातो आणि दिवसभरात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं योग्य पाण्यात असतो.

दुसरी गोष्ट तळाची. आठ वावांपासून वीस वावांपर्यंतचं पाणी आमच्या होडीचं राज्य. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढं, सहा फूट धरा. सपाट रेतीवर इसवण लागतच नाही असं नाही, पण वहीतल्या निम्म्याहून जास्त इसवणी खडपाच्या आसपासच्या होत्या. बुडालेला खडक असला की प्रवाह त्यावर आपटून वर उसळतो, बारीक मासळी तिथे गोळा होते. त्यातही प्रवाह ज्या बाजूने येतो त्या अंगाला इसवण जास्त. हे माझ्या वहीने शिकवलं, कारण काही होड्या एकाच खडपावर जाऊन रिकाम्या यायच्या आणि काही भरून. फरक कोणत्या बाजूला ओढत होते एवढाच. भरती-ओहोटी पालटली की बाजूही पालटते, म्हणजे सकाळी लागलेली जागा दुपारी मेलेली असते. लोक म्हणतात मासा गेला. तो खडकाच्या पलीकडे असतो.

भरतीचा हिशेब सोपा आहे आणि तुम्हाला पंचांगाची तिथी कळत असेल तर घड्याळाची गरज नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, मग ओढू लागतं. ते पुन्हा चालू लागतं तो पहिला तास माझ्या वहीत सर्वांत भरलेला आहे. आणि हा तास उजाडताना आला, तर त्या दिवशी घरी झोपून राहू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या ऐन उधाणात ओढ फार, पाणी ढवळून निघतं. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त. मला स्वतःला उधाण ओसरू लागल्यानंतरचे दोन-तीन दिवस आवडतात. काकांना नेमके उधाण भरत येतानाचे आवडायचे. यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

तिसरी गोष्ट पाखरांची. सुरय नावाचा पक्षी आहे, पांढरा, शेपटी दुभंगलेली, चोच खाली करून पाण्यावर फिरतो. एकटा सुरय फिरतो आहे, याला अर्थ नाही. पण पाच-दहा सुरय एकाच जागी वरून दगडासारखे पडू लागले, तर खालून कोणीतरी बारीक मासळी वर रेटते आहे. ती इसवण असेल, गेदर असेल, आणखी काही असेल. कधी इसवण स्वतःच पाण्याबाहेर झेप घेते, उन्हात रुप्याचं पातं उडाल्यासारखी. ती पाहिली की माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, आणि इथेच सगळे चुकतात. इंजिन पेटवून सरळ त्या थव्याच्या मध्ये घुसतात. थवा फुटतो, मासळी खाली जाते, पाखरं उडतात, आणि मग नशिबाला शिव्या. बाहेरून वळसा घ्या. होडी थव्याच्या कडेने जाऊ द्या, आणि मागे लांबवर असलेला गळ वळणावर आपोआप थव्याच्या पोटातून जाईल. होडी स्वतः तिथे जायची गरज नाही.

आता हत्यार. इसवणीचे दात तुम्ही कधी जवळून पाहिले असतील तर वेगळं सांगायला नको. दोन बाजूंनी दाबलेले, सुरीच्या पात्यासारखे. नुसत्या तंगुसाला बांधलेली गरी ती सहज कापून नेते. म्हणून गरीच्या वर वीतभर-दोन वीत बारीक तार हवी, आणि तार व तंगूस यांच्यामध्ये फिरकी, नाहीतर आमिष गरगरून दोराला पीळ बसतो. तार जाड नको. इसवणीची नजर तीक्ष्ण, निवळ पाण्यात जाड तार तिला दिसते. जाड तार लावून 'एकही सुटली नाही' म्हणणारे आहेत. लागली किती, हे ते सांगत नाहीत.

आमिषात बांगडा, पेडवा, टोळ, वाकटी, सगळं चालतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. इसवण पुष्कळदा मागून येते आणि आधी शेपटीकडचा भाग कापते. तुम्ही गरी तोंडात लावली असेल, तर वर ओढल्यावर तुम्हाला अर्धा बांगडा मिळतो, इतका साफ कापलेला की आमच्या बाजारातल्या बायकांनीही तसा कापू नये. चार वर्षं असे अर्धे बांगडे पाहून मी 'नशीब' म्हणत होतो. उपाय साधा आहे. पहिल्या गरीला छोट्या तारेने दुसरी गरी जोडायची आणि ती शेपटीच्या जवळ, कातडीत हलकी अडकवायची. फार खोल रुतवली तर आमिष वाकडं होऊन गिरक्या घेऊ लागतं, आणि गिरक्या घेणाऱ्या बांगड्याला कुठलीही शहाणी इसवण तोंड लावत नाही. होडीशेजारी आमिष पाण्यात सोडून आधी डोळ्यांनी पाहा. सरळ पोहतं आहे का? नसेल तर पुन्हा बांधा. या एका मिनिटाचा लोकांना कंटाळा येतो, आणि मग ते तेच आमिष चार तास ओढतात.

वेग हा दुसरा घोटाळा. मेलेलं खरं आमिष असेल तर होडी किनाऱ्यावरून माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगाने हवी, त्याहून जास्त नको. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा नकली मासा असेल तर दुप्पट वेग चालतो, त्याचं सोंग तेव्हाच उभं राहतं. काका कोंबड्याची पांढरी पिसं गरीला बांधून ओढायचे, ती जलदच ओढावी लागत. आणि सरळ रेषेत कधीच चालू नये. नागमोडी चाललं की वळणाच्या आतला गळ मंदावून खाली जातो, बाहेरचा जलद होऊन वर येतो. कोणत्या बाजूला मासा लागला, यावरून तुम्हाला त्या दिवशीचा वेग आणि खोली कळते. दोन गळ ओढत असाल, तर एक वर आणि एक शिसं लावून दोन-तीन वाव खाली ठेवा. ऊन चढलं की मला बहुतेक वेळा खालच्यालाच मिळते.

आणि लागली की? माझा हात आठवा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, पायाजवळ त्याचा गुंता ठेवायचा नाही, त्या गुंत्यात पाय ठेवून उभं राहायचं नाही. बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा. पहिली धाव तिची, ती तिला घेऊ द्या. दोर ताणलेला राहील एवढाच धरा, पण सुटू द्या. ती थांबेल तेव्हा तुम्ही घ्या. होडीजवळ आल्यावर होडी पाहून ती दुसरी धाव घेते, आणि बहुतेक मोठ्या इसवणी या दुसऱ्या धावेत जातात, कारण तोवर माणसाने मनातल्या मनात तिचे तुकडे केलेले असतात. तिचं तोंड मऊ असतं, हिसका दिला की गरी फाडून निघते. आकडीने वर घ्यायची ती डोक्याजवळ, एकदाच, नेमकी. होडीत आल्यावर तिच्या तोंडापासून पाय दूर ठेवा. मेलेली समजून गरी काढायला गेलेल्या माणसांची बोटं मी पाहिली आहेत.

मग लगेच बर्फ. हे मी आग्रहाने सांगतो. रक्त काढून, पोट साफ करून बर्फात ठेवलेली इसवण आणि होडीच्या तळाशी उन्हात पडलेली इसवण, यांच्या भावात फरक पडतो तो पडतोच. पण बांगड्याच्या गोत्रातली मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. लोक म्हणतात, मला सुरमई बाधते. पुष्कळदा सुरमई बाधत नाही, सकाळी अकराचं ऊन बाधतं.

ऊन म्हटलं की वारा आलाच. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. तो होडीला बाहेर नेतो. दुपारकडे खारा वारा उत्तर-पश्चिमेकडून येतो आणि घरी आणतो. त्याला फार उशीर होऊ दिला तर तो आणतो खरा, पण आदळत आणतो. उलांडीच्या होडीला ते सोसत नाही. काकांचा नियम होता: वाऱ्याने दिशा बदलली की गळ वर, मग मासा लागत असो नसो. मला हे पटायला वेळ लागला. नेमका त्याच वेळी मासा लागत असतो, असं मला वाटायचं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा काका नव्हते, सहा वर्षांपूर्वीच गेले होते. १० तारखेला हवा मला बरी वाटली नाही, आकाशवाणीवर इशारा ऐकला आणि मी होडी वर ओढून ठेवली. आमच्या किनाऱ्यावरची सगळी माणसं त्या वादळातून परतली नाहीत. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं केलं की इसवण मिळतेच का? नाही. आणि पूर्वीइतकी तर नाहीच. मी वही सुरू केली तेव्हा आणि आता यांत मोठा फरक आहे. पर्ससीनवाले आले, रात्री दिव्यांचे झोत टाकून मासळी गोळा करणारे आले. केंद्र सरकारने २०१७ साली त्या झोतांवर बंदी घातली, तरी आम्हाला काळोख्या रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. ज्या पेडव्या-तारलीमागे इसवण येते तीच उचलली, तर माझी शीव आणि माझं खडप काय कामाचं? पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळा होत नाही. वीतभर-दोन वीत लांबीच्या सुरमईची पिल्लं आमच्याच बंदरावर टोपलीने विकली जातात आणि 'कोवळी आहे' म्हणून आवडीने घेतली जातात. इसवण साधारण पाऊण मीटरच्या आसपास लांब झाली की अंडी घालण्याजोगी होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीला पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. गळावर लागलेली लहान इसवण मी परत सोडतो. गळाच्या मासेमारीत ही एक सोय आहे, जाळ्यात ती नाही. तोंडात वरवर अडकलेली असेल तर ती जगते, खोल गिळलेली असेल तर जगत नाही, मग ती मी घरी नेतो. दर वेळी मनाला बरं वाटतं असं नाही, विशेषतः त्या दिवशी दुसरं काही लागलं नसेल तर.

नवीन साधनंही आली आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासळी कुठे असू शकेल ते कळवते. माझा पुतण्या मोबाईलवर ते पाहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थोडा रुसलो होतो. मग लक्षात आलं, उष्ण आणि थंड पाण्याची जी सीमा तो नकाशा दाखवतो, ती आमचीच शीव, फक्त वरून पाहिलेली. मात्र पुष्कळदा ती जागा आमच्या होडीच्या पल्ल्याबाहेर असते. तिथवर जाण्याचं इंधन आणि तिथून खाऱ्या वाऱ्यात परत येणं, हा हिशेब मोबाईल करत नाही. तो पुतण्याला करावा लागतो, आणि तो करतो, हे मला बरं वाटतं. एका सकाळचं इंधन, बर्फ आणि आमिष मिळून जेवढं होतं ते भरून निघायला एक बऱ्यापैकी इसवण लागतेच. दुसरी लागली तर कमाई. त्यामुळे चार फेऱ्यांपैकी कोणती टाळायची हे कळणं, हेसुद्धा मी नशीब सुधारण्यातच धरतो. पाणी तांबडं आहे, वारा उलटा आहे, भरतीची वेळ भर दुपारी आहे, अशा दिवशी जाळी शिवावी, होडीला तेल लावावं.

वह्या आता चार झाल्या आहेत. पुढच्या नोंदी पुतण्या करतो. दर पानावर शेवटी एक रकाना आहे, 'काय चुकलं', तो काकांनी सांगून घालायला लावला होता. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द म्हणजे 'उशिरा निघालो'.

पहिल्या वहीचं पहिलं पान मी बंदरावर बसून, आठवून, डाव्या हाताने लिहिलं होतं. त्या दिवसाचं. जागा, वेळ, तिथी, पाणी, सगळं आहे. वजनाचा रकाना रिकामा आहे. काकांनी ती इसवण पाण्यात फक्त एकदा, वळताना पाहिली होती. त्या संध्याकाळी त्यांनी तिचं वजन बारा किलो सांगितलं होतं. माझ्या लग्नाच्या मुलाला मुलगा झाला तोवर मी स्वतः ती अठरा किलोपर्यंत नेली आहे. काका असते तर म्हणाले असते, दुरुस्त कर. रकाना मी तसाच ठेवला आहे.